अधिक महिन्यातली मेक्सिकोची पोथी

मुक्काम माहेर, तालुका पाचोरा
अधिक भाद्रपद वद्य चतुर्दशी, शके १८५८

प्रिय लीलाधर,

तुझ्या पाठीवरून हात फिरवला असं समज आणि पुढचं शांतपणे वाच. तुझी तिन्ही पत्रं पोचली. तिन्हींत एकच टाहो, की प्रोफेसरसाहेबांचं पुस्तक ताबडतोब परत पाठव, नाहीतर मला वर्गात तोंड दाखवायला जागा नाही. आणि तिन्हींच्या शेवटी, नमस्कारानंतर, सहज विचारल्यासारखं, की साक्रीहून नानांकडचं कोटाचं कापड आलं का. पुस्तकाचं आधी सांगते. तुझ्या लग्नाची तारीख अजून धरलेली नाही, ती का धरलेली नाही आणि नाना, सुंदरचे वडील, त्यापायी किती खेपा घालून दमले, हे त्याच्याच पोटात येईल. दोन गोष्टी वेगळ्या काढून लिहायला मी बसले होते, पण त्या आता निघत नाहीत.

चूक तुझी नाही, तुझ्या खोलीतल्या त्या हुशार मित्राची. आईनं तुझ्याकडे अधिक महिन्यासाठी पोथी मागितली होती. तू ती आणलीस, कागदात बांधलीस, प्रोफेसरांना परत करायचं पुस्तकही कागदात बांधलंस, आणि दोन्ही पुडकी त्याच्या हातात देऊन मोकळा झालास. त्यानं पोथी प्रोफेसरांकडे पोचवली आणि पुस्तक आमच्याकडे. मी भुसावळहून इथे येऊन पोचले तोवर आईनं पुडकं सोडून पाटावर मांडलेलं होतं, वर तुळस, समोर समई, आणि आत पहिल्याच पानावर जो दाढीवाला कप्तान छापलेला आहे त्याच्या कपाळाला हळदकुंकू. कोणीतरी ऋषी असावा असं तिला वाटलं. चिलखत तिला वल्कलासारखं दिसलं म्हणे. मी म्हटलं, आई, ही पोथी नव्हे, स्पेन देशाच्या एका शिपायानं लिहिलेली हकीकत आहे, हे लोक जहाजं घेऊन मेक्सिकोवर चालून गेले होते. आई म्हणाली, आता कुंकू लागलंय, गल्लीतल्या बायकांना आमंत्रण गेलंय, आणि मांडलेली पोथी न वाचता उचलली तर वर्षभर घरात कटकट. तू कायदा शिकतोस, यावर अपील कुठे करायचं ते मला कळव.

तर महिनाभर रोज दुपारी ओट्यावर तुझ्या प्रोफेसरांचं पुस्तक वाचलं गेलं. धुळ्याला मामांकडे राहून शिकलेलं माझं इंग्रजी आणि त्यावर तुझ्या दाजींच्या गार्डाच्या नोकरीतली नियमावली, एवढ्या भांडवलावर मी मेक्सिको जिंकला. मला वाटलं होतं मनात वाचावं आणि मराठीत सांगावं. पण नाही. आईचं म्हणणं, पोथीतलं संस्कृत तरी आपल्याला कुठे कळतं, मूळ शब्द कानावर पडले पाहिजेत, पुण्य त्यात असतं, अर्थ मागाहून. म्हणून मी आधी पानभर इंग्रजी मोठ्यानं म्हणायची, बायका मुगाच्या शेंगा सोलायचं थांबवून हात जोडून ऐकायच्या, आणि मग मी अर्थ सांगायची. यशोदाबाईला तर इंग्रजीच जास्त आवडायचं. अर्थ सुरू झाला की ती डुलक्या काढायची.

शेजारच्या ताईबाई मात्र टक्क जाग्या. त्यांचे मालक बैलांच्या बाजारात दलाल होते हे तुला माहीतच आहे, म्हाताऱ्या झाल्या तरी जनावराचा विषय निघाला की त्यांची मान ताठ होते. हा लिहिणारा शिपाई म्हातारपणी आठवून आठवून लिहितो, आणि जहाजांवरून कोणाकोणाचा घोडा आला, कोणता तांबडा, कोणता करडा, कोणता पळायला चांगला आणि कोणता नुसता दिसायला, ते सगळं सांगतो. तेवढ्यावर ताईबाईंनी त्याला पास करून टाकला. म्हणाल्या, “हाऊ मानूस खरं सांगस. जनावरना रंग ज्याले ध्यानमा ऱ्हास, तो खोटं नही बोलस.” पुढे शेकडो मैलांवरच्या लढायांबद्दल कोणी शंका काढली की त्या घोड्यांचा दाखला द्यायच्या. तुमच्या कोर्टात असे साक्षीदार असते तर निकाल पटापट लागले असते.

अडचण एकच होती. पोथी कोणाच्या मरणावर थांबवायची नाही हा नियम तू जाणतोस. रोजचं वाचन चांगल्या गोष्टीवर आणून ठेवायचं. आता या पुस्तकात चांगली गोष्ट कुठून आणू? पान उलटलं की कोणीतरी कोणालातरी मारतोय. तिन्हीसांजेपर्यंत घसा बसेस्तोवर वाचावं तेव्हा कुठे एखादी मेजवानी सापडायची आणि मी धाडकन पुस्तक मिटायची. एक दिवस तर काही म्हणता काही मिळेना, तेव्हा मी मागे जाऊन जहाजावर घोडी व्याली होती ते पुन्हा वाचलं. बायका इतक्या खूश झाल्या की दुसऱ्या दिवशी ताईबाई घोडीच्या नावानं खरवस घेऊन आल्या. म्हशीचा होता, पण भावना घोडीची. प्रोफेसरांच्या पुस्तकावर जो तेलकट डाग दिसेल तो त्याचा आहे.

असं चाललं असताना त्या राजाचं प्रकरण सुरू झालं. कप्तान किनाऱ्यावर उतरल्याचं कळल्यावर मेक्सिकोच्या राजानं काय करावं? गाडीच्या चाकाएवढी सोन्याची थाळी, तिच्यावर सूर्य कोरलेला, तशीच चांदीची, आणि पिसांची वस्त्रं, असं सगळं नजराणा म्हणून पाठवलं, आणि निरोप दिला की हे घ्या आणि आलात तसे सुखरूप परत जा. कप्तानानं नजराणा घेतला, फार आभार मानले, आणि म्हणाला, मला स्वतःला काही नको, पण समुद्रापलीकडे आमचा राजा आहे, तुमची भेट न घेता गेलो तर तो मला काय म्हणेल. आणि निघाला पुढे. राजानं आणखी सोनं पाठवलं. कप्तान आणखी जवळ आला. हे ऐकताना ओट्यावर जो गलका झाला तो तू ऐकायला हवा होतास. ताईबाईंनी शेंगांचं सूप बाजूला ठेवलं. “बाई, हाऊ राजा येडा शे का? सोनं दखाडीसन पाव्हना कधी माघारे गया का?” यशोदाबाईसुद्धा जागी झाली आणि म्हणाली, फुलपात्रभर ताक देऊन वाटेला लावायचं होतं.  आई उठून आत गेली आणि बराच वेळ भांडी घासत बसली. घासलेलीच भांडी होती ती.

आता सुपारीच्या दिवशीचं आठव. नाना दारात आले तेव्हा आबांनी सगळ्या पंचांसमोर काय म्हटलं होतं? मुलगी आणि नारळ, बाकी आम्हाला काही नको. मला तर तेव्हा माझ्या बापाचा असा अभिमान वाटला की भुसावळला जाऊन मी सगळ्या रेल्वे वसाहतीत सांगितलं. मग तुझं पत्र आलं, की इथे सगळी मुलं कॉलेजला सायकलवर येतात, सहज लिहितो. आबांनी ते नानांच्या कानावर घातलं, तेही सहज. म्हणाले, मला काही नको हो नाना, पण मुलगा लांब पुण्यात आहे, त्याचा हिरमोड होतो. नानांनी धुळ्याला सायकल घेतली आणि चाळीसगावला गाडी बदलून स्वतः घेऊन आले. उतरल्यावर घाम पुसत पहिला प्रश्न, आता धरू या ना तारीख? आबा म्हणाले, धरू की. मग तुझं घड्याळाचं पत्र आलं. घड्याळ आलं. मग कोणाच्या डोक्यात आलं देव जाणे, पण जावयाला धोंड्याच्या महिन्यात वाण देतात तर लग्नाआधी आगाऊ द्यायला काय हरकत आहे, असं ठरलं, त्यात चांदीचं निरांजन आणि तुझ्या कोटाचं कापड. आबा वाईट नाहीत रे. वस्तू येऊन पडली की ते खरोखरच चकित होतात. त्यांना वाटतं, आलं म्हणजे त्याच्याकडे होतंच. आणि जो एवढं देतो तो आणखी थोडं देईल असंही वाटतं. तारीख मात्र पुढच्या वस्तूच्या पलीकडे जाऊन बसते.

नाना ते वाण घेऊन आले ती दुपार नेमकी वाईट होती. म्हणजे पुस्तकातली. कप्तान राजाच्या शहरात पाहुणा म्हणून राहिला होता, आणि एक दिवस गोड बोलून, अदबीनं, राजालाच म्हणाला की आपण आमच्या बिऱ्हाडी राहायला चला. चला म्हणजे कैदेत चला. आणि राजा गेला. पालखीत बसून गेला, रडणाऱ्या लोकांना सांगत गेला की मी माझ्या खुशीनं चाललोय. मी हे वाचत होते आणि नाना अंगणात आले. डोक्याला रुमाल, एका हातात अनारशांचा डबा, दुसऱ्या हातात निरांजनाचं गाठोडं, काखेत कापड. साक्रीहून मोटारीनं धुळे, मग दोन गाड्या, मग स्टेशनपासून बैलगाडी. पोथी चालू आहे बघून बिचाऱ्यांनी पायताण काढलं, हात जोडले आणि ओट्याच्या कोपऱ्यात टेकले. आबा झोपाळ्यावर होते. मी थांबले नाही, थांबता येत नव्हतं, राजा कैदेत होता.

नाना लक्ष देऊन ऐकत होते. मी पान उलटायला थांबले तेव्हा त्यांनी विचारलं, “अक्का, त्या राजाले पोर व्हती का?” मी म्हटलं, होत्या नाना, मुली होत्या, आणि त्यातली एक त्यानं कप्तानाला देऊ केली असं इथे लिहिलंय.  नाना हळूच म्हणाले, “मंग त्यानं काय चुकनं, माय? जेस्ना घर पोर देनी शे, तेस्ले नही कसं म्हनानं?” लीलाधर, ते रागानं म्हणाले नाहीत, टोमणा म्हणून तर मुळीच नाही. त्यांना त्या राजाची खरोखर कीव आली होती. डबा अजून मांडीवरच होता. इतके दिवस त्या राजाला येडा येडा म्हणणाऱ्या बायका भराभर शेंगा सोलायला लागल्या. मला पुढचं इंग्रजी दिसेना.

मग ताईबाई बोलल्या. त्यांनी आधी झोपाळ्याकडे बघितलं आणि बायकांनीही बघितलं. आबा एकदम धोतराचा सोगा सारखा करायला लागले. ताईबाई म्हणाल्या, “कप्तान ते बठ्ठास्ले समजना. आनि समिंदरपारना राजा पुण्याले शे. सायकलवर फिरस.” कप्तान कोण ते सगळ्यांना समजलं होतं, लीलाधर, पण कोणी हसलं नाही. इतर वेळी त्या असं काही बोलल्या असत्या तर गल्ली दणाणली असती. आबा उठले, बैलांना पाणी दाखवायचं राहिलंय म्हणाले, आणि गोठ्यात गेले. बैल तेव्हा शेतात होते. रिकाम्या गोठ्यात ते दिवेलागणीपर्यंत काय करत होते हे आम्ही कोणी विचारलं नाही.

काल समाप्ती झाली; नानांना आईनं तोवर ठेवून घेतलं होतं. शेवटी शेवटी जरा बरं वाटलं बायकांना. शहरातले लोक उलटल्यावर कप्तानाची माणसं रातोरात तळ्यातल्या बांधावरून पळाली, आणि ज्यांनी अंगावर सोनं लादून घेतलं होतं ते पाण्यात बुडाले. आमचा हा शिपाई शहाणा, त्यानं थोडेसे हिरवे खडे तेवढे घेतले होते, तो तरला. यशोदाबाईनं त्यावर टाळी वाजवली. पुढे पुन्हा लढाई झाली, शहर पडलं, ते सगळं मी भरभर उरकलं. आणि सरतेशेवटी तो शिपाई काय लिहितो, तर मी म्हातारा झालो, एवढं केलं, आणि माझ्या वाट्याला काहीच आलं नाही. वाटणीवरून सगळे एकमेकांशी भांडले. संपलं. मी पुस्तक मिटलं तेव्हा आई म्हणाली, फलश्रुती वाच. मी म्हटलं, यात फलश्रुती नसते. आई म्हणाली, फळ सांगितल्याशिवाय पोथी बांधता येत नाही, एवढा महिना या बायका काय घेऊन घरी जाणार? सगळ्या माझ्याकडे बघतात, मी पुस्तकाची मागची पानं उलटते, तिथे नुसता नकाशा.

तेव्हा आईच उठली. तिनं आतून काश्याचं ताट आणलं. त्यात नानांनीच आणलेलं निरांजन ठेवलं, नानांनीच आणलेलं कापड ठेवलं, वर स्वतः तळलेले तेहतीस अनारसे रचले, वस्त्रानं झाकलं, आणि आबांना हाक मारली की दान सोडायचंय, पळीनं पाणी घाला. आबा आले. त्यांना काही विचारलं गेलं नाही आणि त्यांनीही विचारलं नाही. मग आईनं ते ताट नानांसमोर ठेवलं, की हे आमच्या घरचं अधिकाचं वाण, सुंदरच्या माहेराला. नाना भांबावून उभेच राहिले. म्हणाले, “पोरना घरनं वाण कसं लेवानं?” आई म्हणाली, तारीख कुठे धरलीय? तारीख धरेपर्यंत सुंदर तुमचीच, म्हणजे हे तिचं घर नाही, म्हणजे घ्यायला हरकत नाही. वकिली तू शिकतोस आणि मुद्दे आईला सुचतात. आणि अधिकातलं वाण नाकारणं म्हणजे काय हे नानांना सांगायची गरज नव्हती. त्यांनी ताट उचललं. पाणी सोडून झालेली पळी आबांच्या हातात तशीच होती. मग आबा एकदम म्हणाले, नाना, तुळशीचं लग्न लागलं की दुसऱ्या दिवशी धरू या, आणि मुलगी आणि नारळ.  मला माझा सुपारीच्या दिवशीचा बाप परत दिसला आणि मी आत जाऊन मनसोक्त रडून घेतलं.

आता हे पत्र मी का लिहिते आहे ते सांगते. पुस्तक उद्याच्या टपालानं येईल, त्याची काळजी नको. आज सकाळी नानांना गाडीवर बसवायला मी पाचोऱ्याला गेले होते. फलाटावर नाना म्हणाले, “अक्का, सुंदर रोज इचारस, बाबा, मानसे कसा शेतस? आबास्नं मी आते सांगसू, मायनं सांगसू. पन नवरदेवनं काय सांगू?”  माझ्या भावाबद्दल, ज्याला मी कडेवर घेऊन फिरले, मला एका साध्या माणसाला सांगता येईना की तो कसा आहे. म्हणून मी म्हटलं, तो स्वतः येऊन सांगेल. गणपतीच्या सुट्टीत, विसर्जनाच्या आत, साक्रीला. घड्याळ त्यांच्या हातात देईल, सायकल दारात लावेल आणि सुंदरसमोर बसून विचारेल की मी चालतो का. तुला न विचारता मी हा शब्द देऊन बसले आहे. सायकल गार्डाच्या डब्यातून, ब्रेकव्हॅनमधून येते, तुझे दाजी व्यवस्था करतील. नाही आलास तर आई म्हणते, सुंदरसाठी दुसरा मुलगा ती स्वतः शोधेल, आणि बघायला बरोबर आबांना नेईल. आबा हो म्हणालेत. पण तू त्या धाकानं येऊ नकोस. गाडी सुटताना नानांनी खिडकीतून मला सांगितलं, की तो येईपर्यंत मी पोरीला काहीच सांगणार नाही, बरं नाही आणि वाईटही नाही. ती विचारत राहील आणि ते गप्प राहतील. त्या घरातला बाप किती दिवस गप्प ठेवायचा ते आता तुझ्या हातात आहे.

तुझीच, तुझ्यावर रागावलेली आणि तुझ्या वाटेकडे डोळे लावून बसलेली,
अक्का